देवाच्या कानावर

बायकोमुलांचं कौतुक तोंडावर करणं कोकणी माणसाला जमत नाही. आमच्या सिंधुदुर्गात तर हा गुण सातबाऱ्यावर चढवावा इतका पक्का. मुलगा पहिल्या वर्गात पास झाला तरी बाप म्हणणार, "मगे? उपकार केलंस काय?" पण हाच बाप ग्रामदेवतेसमोर नारळ ठेवतो, गुरवाच्या कानाशी काही पुटपुटतो, आणि मग गाऱ्हाण्यातून, म्हणजे गुरव त्याच्या वतीने देवाला घालतो त्या मागण्यातून, जे बाहेर पडतं ते ऐकून मुलाला खांबाआड तोंड लपवावं लागतं. गुरव बोलतो, जमलेली मंडळी दुजोरा देतात.

"बा देवा रवळनाथा, हो नारळ ठेवलेलो असा तो मान्य करून घे. हेचो झील हुशार असा, राती जागून शिकता, तेका यश दी."

"व्हय म्हाराजा!"

"हेची बायल घरासाठी झिजली, तिच्या गुडघ्याक आराम पडांदे."

"व्हय म्हाराजा!"

बायको मागे बायकांत उभी. जन्मभर न ऐकलेलं वाक्य तिला असं चारचौघांत, तेही गुरवाच्या तोंडून ऐकायला मिळतं. घरी गेल्यावर यावर चकार शब्द निघत नाही. कढीत मीठ कमी आहे, एवढंच निघतं.

यशाच्या मागण्या मात्र काळाप्रमाणे बदलत गेल्या. एके काळी पोरगा मुंबईच्या गिरणीत चिकटला की देवाचं काम संपायचं. 1982च्या संपाने ती मागणीच निकालात काढली. मग आखाताचा व्हिसा आला, आता होमस्टेचं बुकिंग आलंय. आंब्याचा मोहोर तेवढा कायम. गुरवाला यातलं काहीच अवघड जात नाही. 'बुकिंग' हा शब्द तो 'भरभराट'च्याच चालीत म्हणतो. देवाला अरेतुरे, आणि 'दी', 'कर', 'बघ' अशा सरळ आज्ञा. मुंबईत वाढलेल्या नातवंडांना मालवणी नीट बोलता येत नाही, ऑफिसात त्यांची भाषा वेगळीच. पण 'व्हय म्हाराजा' कुठे म्हणायचं हे न शिकवता कळतं.

सगळ्यात मोठ्याने कोण म्हणतं हे बघण्यासारखं असतं. बहुतेक वेळा तो चुलतभाऊ असतो, ज्याच्याशी गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, कोर्टात दावा चालू आहे. याच्या मुलाला यश मिळावं यावर त्याचा खणखणीत 'व्हय', आणि तो मनापासून असतो, हे मी पैजेवर सांगेन. शेवटी गुरव आवाज चढवतो, "जो कोण वाकड्या नजरेन बघीत, तेचो तूच काय तो निवाडो कर!" यावर दोघेही भाऊ एकाच दमात ओरडतात. दोघांच्याही डोळ्यांसमोर अर्थात दुसरा असतो.

मग कौल, म्हणजे देवाला प्रश्न विचारून उत्तर घ्यायचं. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार. सगळे श्वास रोखून उजवीकडे बघतात. कधी डावी पडते. अशा वेळी देव नाही म्हणाला, असं कुणीच समजत नाही. "प्रश्न बरोबर इचारूक नाय," कोणीतरी जाणता म्हणतो, गुरव मान डोलावतो, आणि पाकळ्या पुन्हा चिकटवल्या जातात.