पवनचक्क्या पाऊस पळवत नाहीत. मग काय पळवतात?

सिन्नरच्या पश्चिमेला, ठाणगावकडच्या कुठल्याही टपरीवर पवनचक्क्यांचा विषय काढा, एक वाक्य ठरलेलं असतं: "ह्या पंख्यांनी पाऊस पळवला." सांगली-साताऱ्याकडेही हेच ऐकलंय. माझं आजोळ सिन्नरचं, त्यामुळे या बोलण्यामागचं दुखणं मला कळतं. उन्हाळाभर टँकरची वाट बघणारा माणूस दोष कुणाला तरी देणारच. पण सिन्नर पर्जन्यछायेत आहे ते पवनचक्क्या यायच्या कितीतरी आधीपासून. ढग इगतपुरीच्या घाटमाथ्यावर रिते होतात, पूर्वेला उरलंसुरलं येतं. शेकडो किलोमीटर पसरलेला मोसमी वारा डोंगरावरच्या काही पात्यांनी अडत नाही.

मला ही अफवा खटकते, कारण तिच्या गोंगाटात खरी तक्रार ऐकूच येत नाही.

ती तक्रार साताऱ्याजवळ, चाळकेवाडीच्या पठारावर मोजली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पठार एकच, काही भागात पवनचक्क्या, काही भागात नाहीत. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. आणि जमिनीवर? पवनचक्क्यांच्या भागात सरडे जास्त. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा तो देखणा सरडा, सारडा सुपर्बा. खाणारा गेला, म्हणून खाद्य वाढलं.

इथवर कुणी म्हणेल, सरड्यांचं भलंच झालं की! मला तो अभ्यास महत्त्वाचा वाटतो तो याच्या पुढे. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं आणि माणूस बराच जवळ गेल्यावर ते पळत होते. पण गर्दीमुळे किड्यांसाठी चढाओढ वाढली, अंगं रोडावली, नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले. म्हणजे एकाही सरड्याला पातं लागलेलं नाही, तरी त्याचं अंग, वागणं, रंग, सगळं बदललं. पवनचक्कीखाली मेलेले पक्षी मोजून हा परिणाम कधीच सापडला नसता.

हे वाचल्यापासून ठाणगावजवळच्या पट्टा किल्ल्याच्या परिसरात गेलो की मी सरडे शोधायला दगडांकडेही बघतो. शिवाजी महाराज १६७९ मध्ये जालन्याच्या मोहिमेनंतर इथे विसाव्याला थांबले, म्हणून हा विश्रामगड. आता आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. गुरं घेऊन बसलेल्या एका बाबांना विचारलं, "बाबा, गरुड-घारी पहिल्यासारख्या दिसतात का हो?" त्यांनी काठी दरीकडे केली. "दिसत्यात, पर तिकडं कड्याला. पंख्यांकडं न्हाई येत." एका माणसाच्या आठवणीवर निष्कर्ष काढू नये, आणि मी काढतही नाही. पण चाळकेवाडीत मोजलं गेलं ते आपल्या डोंगरांवर का मोजू नये?

मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. मी नाशिकरोडला राहतो. एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, २१० मेगावॅटचे तीन संच, कोळशाच्या वाघिणी आणि राख हे आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. कोळसा जाळण्यापेक्षा वाऱ्याची वीज मला हवीच आहे. म्हणूनच पवनचक्क्या कुठे उभ्या राहतात, याची जास्त काळजी वाटते.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आधी मंजुरी लागते, त्या यादीत पवनऊर्जा नाही. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते. पण उघडं माळरान, खाजगी पडीक जमीन, सड्यासारखं कातळाचं पठार, जिथे सापमार गरुड आणि खरुचीसारखे छोटे ससाणे शिकार करतात, तिथे प्रकल्प येण्याआधी पक्षी मोजायला कायदा कुणालाच लावत नाही. मला हे चुकीचं वाटतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तर अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खास खाद्यस्थळ आहे. खाली मेलेलं जनावर शोधत घिरट्या घालणाऱ्या गिधाडाचं लक्ष समोरच्या पात्याकडे नसतं. आणि गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एक मोठा पक्षी गेला तरी भरून निघायला वर्षं लागतात. अशा कड्यांपासून पवनचक्क्या लांब ठेवणं हाच पहिला उपाय. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवल्यावर त्या चक्क्यांवरचे पक्षिमृत्यू सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. तो प्रयोग लहान होता, पण इथे करून बघण्यासारखा नक्की आहे.

आधीची नोंद नसली की नंतरची मोजणी लंगडी पडते. म्हणून नाशिकच्या ट्रेकर मंडळींना विनंती: पट्टा, औंढा, आड या किल्ल्यांच्या भागातले पवनचक्क्या येण्याआधीचे तुमचे फोटो, वह्या, पक्ष्यांच्या याद्या असतील तर मला पाठवा. तारीख आणि जागा तेवढी लिहा. फोटोत गरुड ठिपक्याएवढा असला तरी चालेल.