आमची वाटचाल: पॅटर्न शॉप ते गणितपेटी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आबांचं फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न करायचं वर्कशॉप होतं. पॅटर्न म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा करावा लागतो. त्यासाठी पट्टीच वेगळी असते. मापाची शिस्त आम्हाला तिथंच लागली. पुढं कारखाने सीएनसीवरचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर केलेले, धातूचे पॅटर्न मागू लागले, आमचं काम घटलं. त्याच सुमारास जिल्हा परिषद शाळेतल्या एका बाईंनी वर्गासाठी लाकडी चौकोन करून मागितले.

चौरस, आयत, समभुज, समांतरभुज, समलंब, पतंग, सगळे एकाच पेटीत मिसळून. मुलांनी नियम सांगायचा आणि त्यात बसणारे तुकडे वेगळे काढायचे. मी मुद्दाम वर्गात जाऊन बसलो. एक मुलगी म्हणाली, "चारी बाजू सारख्या." तिच्या मनात चौरस होता. शेजारच्या पोरानं तिरका समभुज चौकोन उचलला, "ह्यो पण बसतोय की!" मग तिनं चारी कोन काटकोन हवेत अशी भर घातली. बाईंनी विचारलं, "चारी सांगायला लागतात?" पोरांनी गुण्या लावून एकेक तुकडा तपासला. बाजू सारख्या असल्या की एक कोन काटकोन पुरतो, उरलेले तीन आपोआप काटकोन होतात. नियम कसा घासूनपुसून नेमका होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून आमच्या एकाही पेटीवर नियम छापलेला नसतो. तो मुलांनीच शोधायचा.

संख्यांची पेटी नंतर आली. त्यात लाकडी चकत्या त्रिकोणात मांडायच्या: १, ३, ६, १०. लागोपाठचे दोन त्रिकोण जोडले की चौरस होतो. ६ आणि १० मिळून १६, म्हणजे चाराच्या चार ओळी. गुरुजी मंडळींना ही पेटी फार आवडते.

"पुढची संख्या ओळखा" अशी कार्डं मात्र आम्ही करत नाही, मागणी असूनही. २, ४, ८ नंतर काय? दुप्पट करत गेलं तर १६. आधी २, मग ४, मग ६ मिळवत गेलं तर १४. दोन्ही बरोबर. नुसत्या तीन संख्यांवरून संच ठरत नाही, नियम सांगावाच लागतो. नववीत संच लिहायची यादी पद्धत (घटक एकेक लिहायचे) आणि गुणधर्म पद्धत (घटकांचा नियम सांगायचा) येते, तिथं पोरं अडतात ती इथंच, असं माझं ठाम मत आहे. ती सवय चौथी-पाचवीतच लागायला हवी.

आता तुकडे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, लेझरवर कापलेले असतात. कडा अजून आम्ही हातानंच घासतो. सध्या फरशीकामाच्या पेटीवर काम चालू आहे. समभुज त्रिकोण, चौरस आणि नियमित षटकोन फट न ठेवता जमीन भरतात. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, त्यानं ३६० ला नि:शेष भाग जात नाही, त्यामुळं फट राहतेच. तरी पंचकोन पेटीत भरपूर घालतोय.