तुम्ही विचारलंत म्हणून : ॲम्प (ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र) बदलला की आवाज बदलतो का?

गणपतीच्या आधी महिनाभर, आणि पुढे जत्रांचे दिवस सुरू झाले की, हा प्रश्न मला हमखास येतो. "खयचो ॲम्प घेवचो? आवाजात खराच फरक पडता काय?" विचारणारा कधी भजनी मंडळाचा खजिनदार असतो, कधी घरात स्पीकरच्या जुन्या पेट्या जिवापाड जपणारा शौकीन, कधी मुंबईची नोकरी संपवून गावाकडे आलेला चाकरमानी. कुडाळ-मालवण पट्ट्यात मी साउंडचं काम करतो. दशावतार, डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना), लग्नं, सभा असं सगळंच. म्हणून उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो.

दोन ॲम्प धडधाकट असतील, दोन्ही आपापल्या ताकदीच्या आत चालत असतील, आणि दोघांची पातळी मोजून सारखी केली असेल, तर त्यांच्यातला फरक माणसाच्या कानाला कळत नाही. मी हे ठामपणे म्हणतो. पण यातली एकेक अट महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे त्या अटी रोज मोडतात आणि दोष ॲम्पला मिळतो.

आधी पातळीचं घेऊ. दुकानात दोन ॲम्प आलटून पालटून ऐकवतात. त्यातला एक अवघा एक डेसिबल मोठा वाजत असला, तरी आपल्याला तो 'मोठा' वाटत नाही. तो 'खुला' वाटतो, 'भरीव' वाटतो, भजन गाणाऱ्या बुवांचा शब्द 'पुढे आल्यासारखा' वाटतो. एक डेसिबल म्हणजे स्पीकरच्या टोकांवर जेमतेम १२ टक्के जास्त व्होल्टेज, नॉबचा केसभर फरक. म्हणून तुलना करायची तर मोबाइलवरून २०० हर्ट्झचा स्थिर सूर लावा, मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांना लावून दोन्ही ॲम्पचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवा, टोन कंट्रोल आणि लाउडनेसचं बटण बंद ठेवा, आणि कुठला ॲम्प चालू आहे ते ऐकणाऱ्याला सांगू नका. एवढं केल्यावर बहुतेक वाद तिथेच मिटतात.

अमेरिकेत हे रीतसर करून पाहिलं गेलं आहे. 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने जानेवारी १९८७ मध्ये अशा चाचणीचा वृत्तान्त छापला. पंचवीस श्रोते होते. त्यांतल्या काहींना फरक ऐकू येतो याची खात्री होती, काहींना मुळीच नव्हती. समोर सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पपर्यंत यंत्रं होती. नाव न सांगता ऐकवल्यावर उत्तरं निम्मी बरोबर, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

याला अपवाद आहे: खरा, मोजता येणारा फरक असतो तो बऱ्याचशा व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये. स्पीकरवर ८ ओहम (विजेला होणारा अडथळा, म्हणजे इंपिडन्स, मोजायचं माप) लिहिलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. कुठे ५-६, तर कुठे ३० पर्यंतही जातो. ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स एक-दोन ओहम असला, तर जिथे स्पीकरचा इंपिडन्स चढतो तिथले सूर थोडे वर येतात आणि उतरतो तिथले खाली बसतात. हा फरक ऐकू येतो, आणि तो आवडणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. पण त्यात जादू नाही. बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरने १९८५ मध्ये 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांसमोर आपल्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पमध्ये फेरफार करून एका महागड्या व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आवाज असा जुळवला, की त्या सरावलेल्या कानांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत.

मग डबलबारीच्या रात्री एका ॲम्पवर पखवाज खणखणीत आणि दुसऱ्यावर चिरका का वाजतो? तिथे ताकद संपलेली असते. पखवाजाच्या थापेचा क्षणभराचा जोर सरासरी आवाजाच्या १० डेसिबल तरी वर जातो, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. सरासरी १० वॅट वाजत असताना प्रत्येक थापेला १०० वॅट लागतात. ते ॲम्पकडे नसले की आवाज फाटतो. तोच ॲम्प दोन घरं पलीकडे छोट्या आरतीला सुरेख वाजेल. फाटका आवाज नुसता कानाला त्रास देत नाही, तो हॉर्नची, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, कॉइलही जाळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा ॲम्प घ्या असं मी सांगतो, आणि त्याचं कारण एवढंच.

त्यात आपली वीज. ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या वाडीत, जत्रेच्या रात्री सगळी रोषणाई पेटलेली असताना, २३० चे १९० व्होल्ट झालेले मी मीटरवर पाहतो. जुन्या पद्धतीच्या, जड ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पमध्ये आतली वीज त्याच प्रमाणात उतरते, आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने उतरतात. १०० चे ६८ होतात. मोठेपणात हा फरक दोन डेसिबलही नाही, कानाला तो फार जाणवणार नाही. पण थाप आता आधीच फाटायला लागते, आणि मंडळी म्हणतात, "ॲम्प गेलो." ॲम्पला काहीही झालेलं नसतं.

वायरचं तर मला फार वाईट वाटतं, कारण इथे गरीब मंडळांचे पैसे वाया जातात. देवळाच्या चौकातल्या ॲम्पपासून रस्त्याकडच्या पेटीपर्यंत ५० मीटर, आणि वापरलेली वायर एक चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, म्हणजे १.८ ओहम. ८ ओहमच्या पेटीला मिळणारी ताकद एक तृतीयांशाने घटते. माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (ॲम्पची स्पीकरवरची पकड सांगणारा आकडा) ४०० छापलेला असो की १००, पेटीपाशी तो साडेचारसुद्धा उरत नाही. बास ढिला होतो तो तिथे. अशा ठिकाणी दोन वेगळ्या किमतींच्या ॲम्पची तुलना करणं व्यर्थ आहे. वायर चार चौरस मिलिमीटरची घ्या, किंवा ॲम्प पेटीजवळ न्या, किंवा भोंगे असतील तर १०० व्होल्ट लाइनवर (जास्त व्होल्टेज, कमी करंटच्या जोडणीवर) टाका. लाइनवर १०० वॅटला एकच अँपिअर करंट लागतो, थेट ८ ओहमवर साडेतीन. त्याच वायरमधलं नुकसान बावीस वॅटवरून दोनच्या आत येतं.

आणि खारं वारं. किनाऱ्यावर ठेवलेल्या ॲम्पच्या जॅकवर, स्पीकरच्या टर्मिनलवर, आतल्या रिलेच्या टोकांवर थर चढतो. पावसाळ्याचे चार महिने बंद पडलेलं मशीन चतुर्थीला सुरू केलं की एक बाजू दबकी वाजते, नॉब फिरवला की खरखर होते, आणि आवाज थोडा वाढवला की अचानक ठीक होतं. हे रिलेचं किंवा जॅकचं लक्षण. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि चांगल्या मेकॅनिकचा एक तास एवढ्यात ते सुटतं. अशी मशीनं भंगारात घालून नवी घेतलेली पाहिली की जीव तुटतो, कारण वर्गणी काजू-आंब्याच्या हंगामावर जगणाऱ्या घरांतून गोळा झालेली असते.

सुसकाऱ्यासारखी 'हिस्स' आणि 'हम्म' हे मात्र दोन ॲम्पमध्ये खरोखर वेगळं असतं. हॉर्नच्या ड्रायव्हरसमोर, बुवा थांबले असताना, ते स्पष्ट ऐकू येतं. घेताना इनपुट न लावता नॉब पूर्ण वर करून कान हॉर्नजवळ न्या आणि ऐका.

तर घ्यायचाच असेल, तर आधी पेट्या चांगल्या घ्या, कारण दोन पेट्यांच्या आवाजातला फरक आंधळ्या चाचणीतही सहज कळतो. मग वायर. मग व्होल्टेज पडतं तिथे ॲम्पला झेपेल असा स्टॅबिलायझर. ॲम्प घेताना नावापेक्षा दोन गोष्टी विचारा: ४ ओहमवर तो रात्रभर किती वॅट देतो, आणि त्याचे सुटे भाग सावंतवाडी-कुडाळात मिळतात का. ८ ओहमच्या दोन पेट्या एका चॅनेलवर समांतर जोडल्या की ४ ओहम होतात, तीन जोडल्या की तीनच्याही खाली, आणि ओहम उतरले की ॲम्पवरचा भार वाढतो. तिसरी पेटी जोडायची असेल, तर आधी मला फोन करा.