दोन कबुलीजबाब

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा १९४३ सालचा ‘डे ऑफ रॅथ’ मी दरवर्षी दाखवते आणि चर्चा दरवर्षी एकाच प्रश्नाशी अडते: त्याची नायिका ॲन खरोखरच चेटकीण आहे का? यंदा विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने तो प्रश्न बाजूला सारला. “मॅडम, यात कबुलीजबाब दोन आहेत आणि मला दुसऱ्याची जास्त धास्ती वाटली,” असे ती म्हणाली.

पहिला कबुलीजबाब चेटकीण म्हणून पकडलेल्या हेर्लोफ्स मार्टे या म्हातारीचा. साल १६२३. तिचा छळ चालू असताना कॅमेरा आधी तिच्याकडे वळतच नाही. भोवतालच्या पाद्र्यांच्या निर्विकार चेहऱ्यांवरून तो संथपणे सरकत जातो, किंकाळ्या तेवढ्या कानावर येतात आणि मग कुठे ती दृष्टीस पडते. हा भाग मी पुन्हा लावला. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा का ठरत नाही, ते यावरून कळते, असे विद्यार्थिनी म्हणाली. मात्र हे आपल्याकडून वदवून घेतले जात आहे, याची मार्टेला पुरती जाण असते. तिला ना स्वर्गाचे भय, ना नरकाचे. भय फक्त मरणाचे.

ॲनचे तसे नाही. वयस्क पाद्री आब्सालोनची ही दुसरी बायको सावत्र मुलाच्या, मार्टिनच्या, प्रेमात पडते. तुमचे मरण मी चिंतले आहे, असे ती नवऱ्याला तोंडावर सांगते आणि तो जागीच कोसळतो. अंत्यविधीच्या वेळी सासू तिच्यावर आरोप करते, मार्टिन आजीच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि सैतानाच्या मदतीने आपणच नवऱ्याला मारले, असे ॲन शवपेटीपाशी स्वतःहून बोलते. तिथे ना दोर आहे, ना जल्लाद.

हे सारे नाझींविषयीच आहे, असे एकाने ठासून सांगितले. चित्रपट कोपनहेगनमध्ये प्रदर्शित झाला तो जर्मन अंमलाखाली, नोव्हेंबरात. ज्यूंची धरपकड आणि त्यांना होड्यांतून स्वीडनला पोचवण्याची धडपड नुकतीच, ऑक्टोबरात झालेली. ॲनच्या घरात लपलेली मार्टे पाहताना प्रेक्षकांना ते आठवले नसेल, असे म्हणवत नाही. तथापि चित्रीकरण त्याआधीचे आणि ड्रायर यांनी स्वतः हा हेतू नाकारलेला. शिवाय त्या अर्थाने मार्टेचा उलगडा होतो. ॲनचा होत नाही, कारण तिला गाठणारी माणसे घरचीच आहेत.

ॲन निराशेपोटी बोलते, असे माझे मत मी मांडले. अश्रूंतून मी तुला पाहते आहे, पण ते पुसायला कोणी येत नाही, हे तिचे अखेरचे उद्गार टाकून दिलेल्या प्रेयसीचे आहेत. विद्यार्थिनीला ते मान्य नव्हते. आपल्या आईला माणसांना नुसत्या हाकेने बोलावण्याची विद्या येत होती, हे कळताच ॲन हळूच मार्टिनचे नाव घेऊन पाहते आणि तो खरोखरच समोर येतो, याची तिने आठवण करून दिली. कबुलीजबाब तिथेच सुरू झाला, असे तिचे म्हणणे होते आणि मला ते पटले.