उरलेली अर्धी बाटली

ऑक्टोबर सरत आला होता. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी, माहेरी आले. परतीच्या पावसाने एकदा भिजवलेलं भात कसंबसं वाळवून खळ्यात आणलं होतं. पुन्हा ढग यायच्या आत ते झोडून घ्यायचं होतं. दादा, वहिनी, दोन गडी आणि मी. पेंढी डोक्यावर उचलायची आणि बाकड्यावर आपटायची. दाण्यांबरोबर तूस उडतं, कुसळं उडतात. अशाच एका आपटीला डाव्या डोळ्यात टचकन काहीतरी लागलं.

पाण्याचे हबके मारले. वहिनीने पदराचा बोळा करून फुंकर घातली, शेक दिला. डोळ्यात काही दिसेना, पण खुपत होतं. संध्याकाळी डोळा लालभडक झाला आणि उजेडाकडे बघवेना.

"गो बाय, माझे थेंब घाल," आई म्हणाली. "फ्रीजच्या दारात आसत. माका किती बरा वाटला तेनी."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत कणकवलीला झालं होतं. त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब मीच रजा काढून घातले होते. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, दुसऱ्या आठवड्यात पाच, मग चार, असं उतरत सहा आठवडे. एक बाटली संपली, दुसरी अर्ध्याहून जास्त उरली. औषध महागाचं, एक्सपायरीची तारीख पुढच्या वर्षीची. टाकवेना, म्हणून ती फ्रीजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी सात महिने उभी होती.

मी ती बाटली घेतली आणि दोन थेंब डोळ्यात सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा बराच उतरला होता. लाली कमी, खुपणं कमी. मी पुन्हा खळ्यात गेले. तीन दिवस दिवसातून चार वेळा थेंब घातले आणि प्रत्येक वेळी बरं वाटलं. बाटली संपत आली तेव्हा दादाबरोबर बाजारात गेले, मेडिकलच्या काउंटरवर रिकामी होत आलेली बाटली ठेवली आणि "हीच द्या" म्हटलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही, कुणासाठी हवी तेही विचारलं नाही. लेबलावर डावीकडे लाल उभी रेघ होती आणि खाली बारीक अक्षरात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा होता. तो मी पुढे वाचला. त्या दुकानदारावर माझा राग अजून गेलेला नाही.

सहाव्या दिवशी पहाटे डोळ्यातल्या ठणक्याने जाग आली. आरशात पाहिलं तर काळ्या बुबुळावर खालच्या बाजूला पांढुरका ठिपका, मोहरीएवढा. आईने दिव्याजवळ नेऊन पाहिलं आणि ती काही बोललीच नाही. आमच्याकडे त्याला फूल पडणं म्हणतात. माझ्या आजीच्या एका डोळ्यात असं फूल होतं. त्या डोळ्याने तिला फक्त उजेड-अंधार कळायचा.

कणकवलीला पोचेपर्यंत दहा वाजले. डॉक्टरांनी आधी डोळा पाहिला नाही, आधी विचारलं, "काय लागलं होतं? शेतातलं काही?" मग, "घरात काही घातलंत का?" मी पिशवीतून बाटली काढून दिली. त्यांनी ती उजेडात धरून नाव वाचलं आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. "ही आत्तापासून बंद."

डोळ्यात बधिरीचा थेंब टाकला. मग केशरी रंगाच्या कागदी पट्टीचं टोक खालच्या पापणीला टेकवलं, आणि निळा उजेड लावून यंत्रातून पाहिलं. जिथे बुबुळाचं वरचं साल निघालेलं असतं तिथे तो रंग हिरवा चमकतो. माझ्या जखमेच्या कडा पिसासारख्या फाटलेल्या दिसत होत्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी तिथून अगदी नखाच्या टोकाएवढं खरवडून काचेवर घेतलं, त्यावर कुठलंसं द्रावण टाकलं आणि काच आतल्या खोलीत पाठवली. वीस-पंचवीस मिनिटांनी मला आत बोलावलं. उजवा डोळा मायक्रोस्कोपला लावून मी पाहिलं. फिकट पार्श्वभूमीवर केसासारखे धागे, मध्येच फांदी फुटलेले. ती बुरशी होती. ओलसर भाताच्या पेंढीवर असते तशीच बुरशी माझ्या डोळ्यात वाढत होती.

त्यानंतर डॉक्टर जे बोलले ते मी बाहेर बाकावर बसून वहीत लिहून घेतलं, कारण मला ते विसरायचं नव्हतं. आईच्या बाटलीत दोन औषधं एकत्र होती. एक मॉक्सिफ्लॉक्सासिन, म्हणजे अँटिबायोटिक. ते जिवाणू मारतं, बुरशीला त्याचं काही नाही. दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइड काहीच मारत नाही. ते सूज आणि लाली उतरवतं. डोळा लाल होतो तो शरीराने तिकडे कुमक पाठवलेली असते म्हणून. स्टेरॉइड ती कुमक माघारी बोलावतं. मला बरं वाटत होतं त्या तीन दिवसांत बुरशीला रान मोकळं मिळालं होतं. बुरशी मुळात सावकाश वाढते, लक्षणं दिसायला दिवस लागतात. दुखायचं ते औषधाने दाबून ठेवल्यावर मी डॉक्टरकडे जाणार तरी कशाला?

मी विचारलं, "पण आईला तर याच थेंबांनी बरं केलं." ते म्हणाले, "आईच्या डोळ्याला ऑपरेशनची सूज होती. जंतू नव्हते, आणि पुढे होऊ नयेत म्हणून सोबत अँटिबायोटिक होतं. तिला स्टेरॉइड हवंच होतं. तुमच्या डोळ्यात ते घालायच्या आधी आत काय आहे ते बघायला हवं होतं." नागिणीच्या जातीच्या विषाणूनेही बुबुळावर जखम होते, झाडाच्या फांदीसारखी, आणि तिच्यावर स्टेरॉइड एकटं पडलं तर ती पसरते, हेही त्यांनी सांगितलं. बाहेरून हे सगळे डोळे सारखेच लाल दिसतात.

2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या वाडीत एकच बाटली चार घरं फिरली होती. ती आठवण तिथे बसल्या बसल्या झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती साथ विषाणूची होती. अँटिबायोटिकचा तिच्यावर उपयोग नव्हता, आणि एकाच्या पापणीला टेकलेलं बाटलीचं टोक दुसऱ्याच्या डोळ्यावर गेलं होतं.

मला नवे थेंब मिळाले, बुरशी मारणारे, नॅटामायसिन. पांढरं, दुधाळ औषध. तळाशी साका बसतो, म्हणून दर वेळी बाटली नीट हलवायची, नाहीतर वरचं नुसतं पाणी डोळ्यात जातं. दर तासाला एक थेंब, पहिले दोन दिवस रात्रीसुद्धा. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब, त्याने दुखणं कमी होतं पण जवळचं काही दिसत नाही. बधिरीचा थेंब घरी नेऊ का, म्हणून मी विचारलं, इतकं त्या थेंबाने बरं वाटलं होतं. डॉक्टर ठाम नाही म्हणाले. तो पुन्हा पुन्हा घातला तर जखम भरतच नाही. आठ दिवसांत ठिपका आटोक्यात आला नाही तर फोंडा घाट चढून कोल्हापूरला कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं.

निघण्याआधी तिथल्या सिस्टरनी माझ्याकडून एकदा थेंब घालून घेतले आणि माझी चूक लगेच दिसली. मी बाटली पापणीला टेकवत होते आणि एकाऐवजी दोन थेंब सोडत होते. आईलाही सहा आठवडे तसेच घातले होते. सिस्टरनी हात धरून शिकवलं. आधी साबणाने हात धुवायचे. मान मागे टाकायची, किंवा सरळ आडवं व्हायचं. तर्जनीने खालची पापणी ओढली की तिथे छोटी पिशवी तयार होते, थेंब त्या पिशवीत सोडायचा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाच लागता कामा नये. डोळ्यात एकाच थेंबाला पुरेल एवढी जागा असते, दुसरा गालावरून ओघळतो. मग डोळा हलकेच मिटायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. न दाबता औषध घातलं की ते घशात जातं. थेंब घातल्यावर घशाशी कडू का लागतं हे मला त्या दिवशी कळलं. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. आणि मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी.

सिस्टरनी दुसरी गोष्ट सांगितली ती तारखेची. बाटलीवर छापलेली एक्सपायरी ही सील न फोडलेल्या बाटलीची. एकदा उघडली की बहुतेक थेंब चार आठवड्यांत टाकून द्यायचे. माझ्याकडून त्यांनी नव्या बाटलीवर बॉलपेनने तारीख लिहून घेतली.

त्या दोन रात्री मी एकटीने काढू शकले नसते. वहिनीने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला. दुसऱ्या रात्री लाइट गेली, बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. वहिनी एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात बाटली घेऊन माझ्या उशाशी बसली. खळ्यातलं उरलेलं भात ताडपत्रीखाली तसंच होतं, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मोजून एक थेंब, कोपऱ्यावर बोट, गजर पुन्हा लावायचा. पहाटे चारला मी तिला झोप म्हटलं तर म्हणाली, "पाच वाजता झोपतंय."

आठव्या दिवशी ठिपका वाढला नव्हता. पंधराव्या दिवशी कडा आत आल्या होत्या. थेंब दोन तासांवर, मग चार तासांवर आले. सगळं मिळून सहा आठवडे. दिवाळी त्यात गेली, शाळा सुरू झाल्यावर तीन आठवडे रजा. आज डाव्या डोळ्याने चष्मा लावून तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचते. ठिपका बाहुलीच्या कडेला पडला म्हणून वाचले, मधोमध असता तर गोष्ट वेगळी झाली असती. रात्री समोरून गाडी आली की तिचा दिवा डाव्या डोळ्यात फुटल्यासारखा पसरतो, तेवढं राहिलं आहे.

तेव्हापासून मी मेडिकलमधून कुणाचेही डोळ्याचे थेंब आणले तरी आधी घटक वाचते, कारण मोठ्या अक्षरातल्या नावावरून काही कळत नाही. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्ल्युओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड. साध्या अँटिबायोटिकच्या नावापुढे नुसतं डी किंवा डेक्स जोडलेलं असतं पुष्कळदा, आणि दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. शेजारच्या काकांचा डोळा लाल झाला तेव्हा मी त्यांना थेंब दिले नाहीत, स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. त्यांना फक्त रांजणवाडी होती. मला त्या फेरीचं वाईट वाटलं नाही.

या फेब्रुवारीत आईचं दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेच डॉक्टर, तेच थेंब, तोच उतरता तक्ता. या वेळी तक्ता मी फ्रीजवर चिकटवला आणि प्रत्येक थेंबाला खूण केली. तिसऱ्या आठवड्यात डोळ्याचं प्रेशर मोजायला बोलावलं होतं. आई कुरकुरली, "दिसता तर हा, परत कित्याक?" गेल्या वर्षीही ती अशीच कुरकुरली होती आणि मला कारण सांगता आलं नव्हतं. या वेळी सांगितलं. स्टेरॉइडच्या थेंबांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, दिसायला कमी होत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही, आणि तसाच राहिला तर काचबिंदू होतो. महिनोन्‌महिने घातले तर मोतीबिंदूही होतो. आणि म्हणून मनानेच ते लांबवायचे नाहीत, नि बरं वाटलं म्हणून मध्येच एकदम तोडायचेही नाहीत, सूज उलटते. दहा ते एकवीस हा साधारण दाब. आईचा सोळा निघाला. परतताना ती एस्टीत तो आकडा दोनदा म्हणाली.

सहावा आठवडा संपला त्या संध्याकाळी शेवटचा थेंब घातला, कोपरा दाबून दोन मिनिटं बसलो. मग मी दुसरी बाटली उचलली. चौथ्या आठवड्यात उघडलेली, वर माझ्या अक्षरात तारीख. उजेडात धरली तर अर्ध्याच्या वर औषध होतं.

"अजून अर्धी आसा गो," आई म्हणाली. "कित्याक टाकतंस?"

मी टोपण काढलं आणि मोरीत बाटली पिळायला लागले. आई शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला, बाटली माझ्याकडून घेतली आणि उरलेली स्वतः पिळून रिकामी केली.