अडतीस हजार छायाचित्रे नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना

माझी छायाचित्रे सांभाळणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येणे कित्येक वर्षांपूर्वीच थांबले होते, आणि नव्या संगणकावर ते सुरूच होईना, तेव्हा सगळा संग्रह दुसरीकडे हलवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ॲपलने ॲपर्चर या छायाचित्रे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा विकास थांबवत असल्याचे २०१४ मध्ये जाहीर केले आणि गुगलने २०१६ मध्ये त्याच प्रकारचे पिकासा बंद केले, तेव्हा त्या बातम्या मी दुसऱ्याच्या घरचे दुखणे समजून वाचल्या होत्या. आता माझ्यापुढे सतरा वर्षांची ३८,६४० छायाचित्रे होती. त्यांतील बहुतेकांना मी नावे, टॅग आणि तारे दिलेले होते, आणि हे काम मी अनेक वर्षांच्या रविवारी थोडेथोडे करून उभे केले होते.

नवे सॉफ्टवेअर म्हणून मी डिजिकॅम निवडले. ते मुक्त स्रोत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर चालते, फाइल्स आपल्या पोटात न घेता जिथल्या तिथे फोल्डरमध्येच राहू देते, आणि स्वतःची नोंद एसक्यूलाइटसारख्या कोणालाही उघडून पाहता येणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवते. एकदा हात पोळल्यामुळे माझ्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता.

पहिल्या दिवशी मी जे केले ते बहुतेक जण करत असतील. छायाचित्रांचे मुख्य फोल्डर नव्या सॉफ्टवेअरला दाखवले आणि वाट पाहत बसले. तासाभराने छायाचित्रे दिसू लागली, परंतु त्यांवरचे तारे गेले होते, अल्बम नव्हते, माणसांची नावे नव्हती, आणि मी कातरून, उजळून ठेवलेली चित्रे पुन्हा मूळच्या वाकड्या आणि अंधाऱ्या रूपात समोर आली. काही हरवले नव्हते. जुन्या सॉफ्टवेअरने ते सारे छायाचित्रांच्या फाइलमध्ये न लिहिता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवले होते, आणि तो डेटाबेस दुसऱ्या कोणाला वाचता येत नव्हता. म्हणजे हलवायची होती ती छायाचित्रे नव्हेत, तर त्यांच्याविषयीची माहिती, आणि तिला जुने घर सोडण्यापूर्वीच फाइलमध्ये उतरवून घेणे भाग होते. सुदैवाने जुना संगणक अजून चालू होता.

त्यानंतर मी घाई सोडली. संपूर्ण संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतल्या, प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, तो जरा बदलला तरी बदलणारा आकडा) काढून तो मूळ फाइलच्या ठशाशी जुळतो का हे तपासले, आणि पुढचे सर्व प्रयोग दोनशे छायाचित्रांच्या नमुना फोल्डरवरच केले. त्या दोनशेंत मी मुद्दाम सगळ्या प्रकारचे नमुने घेतले होते: रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली मूळ चित्रे), फोनमधली चित्रे, स्कॅन केलेली जुनी छायाचित्रे, देवनागरी टॅग असलेली आणि नसलेली. माझे बरेचसे कष्ट या नमुन्यानेच वाचवले.

फाइलमध्ये माहिती लिहिण्याच्या तीन जागा असतात हे मला तेव्हा नीट समजले. एक्झिफमध्ये कॅमेरा स्वतः तारीख, भिंग, उघडीप (एक्स्पोजर) अशा गोष्टी लिहितो. आयपीटीसी हा वृत्तसंस्थांच्या गरजेतून आलेला जुना साचा आहे. एक्सएमपी ही ॲडोबीने २००१ मध्ये आणलेली व्यवस्था असून ती पुढे आयएसओ मानक झाली. रॉ फाइलला सहसा हात लावत नाहीत. तिची माहिती शेजारी साइडकार म्हणून ठेवलेल्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये जाते. येथे एक खाचखळगा आहे. काही सॉफ्टवेअर साइडकारच्या नावातून रॉ फाइलचा प्रत्यय (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकार सांगणारी अक्षरे) गाळतात, काही तो कायम ठेवतात. एकाच नावाची रॉ आणि जेपेग अशी जोडी असेल, तर पहिल्या पद्धतीत दोघांच्या वाट्याला एकच साइडकार येते. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरची पद्धत पहिली होती. डिजिकॅममध्ये या पद्धतीची नावे ओळखण्याची सोय आहे, ती चालू केल्यावर रॉ फाइल्सचे तारे सापडले.

खरी परीक्षा देवनागरी टॅगांनी घेतली. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'माहिती फाइलमध्ये लिहा' अशी आज्ञा होती आणि ती मी आनंदाने दिली, परंतु जेपेग फाइल्समध्ये टॅग लिहिताना ते फक्त आयपीटीसी वापरत होते. त्या साच्यात एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन लिपीत एक अक्षर एक बाइट घेते, त्यामुळे तेथे ही मर्यादा सहसा जाणवत नाही. देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक वर्ण, प्रत्येक मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा तीन तीन बाइट घेते, म्हणजे एकवीस चिन्हांत टॅग संपतो. माझा 'शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटक' हा टॅग नव्या ठिकाणी 'शाळेच्या स्नेहसंमेलनात' एवढाच उरला. गंमत म्हणजे तुटलेला भाग इतका व्याकरणशुद्ध होता की काही तुटले आहे याचा मला आठवडाभर पत्ता लागला नाही. 'शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाच' हा दुसरा टॅगही त्याच ठिकाणी तुटून पहिल्यात मिसळल्यावर, आणि नाटकाच्या चित्रांत नाच दिसू लागल्यावर, मला शंका आली.

काही फाइल्समध्ये तर आपण यूटीएफ-८ वापरत आहोत ही नोंदच जुन्या सॉफ्टवेअरने केली नव्हती. त्यामुळे तेथे मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाच्या चिन्हासारखे वर्तुळ यांची रांग लागली होती.

यावर उपाय एक्झिफटूल या साधनाने मिळाला. फिल हार्वे यांनी लिहिलेले हे साधन आज्ञावलीच्या काळ्या खिडकीतून चालते, म्हणून प्रथम मी त्याला बिचकले होते. जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइलचे नाव आणि तिचे पूर्ण टॅग अशी यादी स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येत होती. ती यादी एक्झिफटूलला दिली की ते प्रत्येक फाइलमध्ये योग्य टॅग एक्सएमपीच्या जागी लिहून ठेवते, आणि तेथे ६४ बाइटची अडचण नाही. नमुना फोल्डरवर तीनदा चुकल्यावर चौथ्यांदा यादी बरोबर बसली. मग रात्री पूर्ण संग्रहावर आज्ञा दिली आणि सकाळी टॅग जागच्या जागी होते.

जागच्या जागी, पण सगळे नव्हे. 'समुद्रकिनाऱ्यावर' हा टॅग यादीत दोनदा दिसत होता, एकात ४१८ चित्रे आणि दुसऱ्यात ३७. दोन्ही शब्द मी भिंग लावल्यासारखे तपासले, एका मात्रेचाही फरक नव्हता. कारण 'ऱ' या अक्षरात दडलेले होते. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतसंचात ते एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येते आणि 'र' खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. वेगवेगळ्या संगणकांवर वेगवेगळ्या कळफलकांनी टंकलेखन केल्याचा हा परिणाम होता. ३७ चित्रे मोठ्या टॅगात हलवून रिकामा टॅग काढून टाकला, आणि 'ऱ' असलेले बाकीचे टॅगही त्याच दिवशी तपासून घेतले.

चेहऱ्यांच्या बाबतीत मी फार वेळ घालवला नाही. आडव्या चित्रांत नावांच्या चौकटी नीट आल्या, परंतु कॅमेरा उभा धरून काढलेल्या चित्रांत त्या खांद्यावर किंवा भिंतीवर जाऊन बसल्या. तेवढ्या चौकटी पुसून चेहरे डिजिकॅमकडूनच नव्याने ओळखून घेतले. अल्बम टॅगांत रूपांतरित केले. अल्बममधला क्रम त्यात गेला, आणि तो मी जाऊ दिला.

तारखांनी मात्र पुन्हा थांबवले. निरोपांच्या ॲपमधून आलेल्या चित्रांत एक्झिफ तारीख उरलेली नसते, त्यामुळे ती सारी फाइल कॉपी झाल्याच्या दिवशी गोळा झाली होती. व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावातच वर्ष, महिना आणि दिवस असतो. तो वाचून योग्य जागी लिहिण्याचे काम एक्झिफटूलने काही मिनिटांत केले. परदेशच्या एका प्रवासात कॅमेऱ्याचे घड्याळ बदलायचे राहून गेले होते. एक्झिफमध्ये वेळेसोबत कालविभाग नोंदवण्याची सोयच मुळी २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत आली, आणि माझा कॅमेरा त्याआधीचा, त्यामुळे फोनची चित्रे आणि कॅमेऱ्याची चित्रे एकमेकांत विचित्र गुंफली जात होती. कॅमेऱ्याच्या सर्व वेळा एकदम साडेतीन तास मागे नेल्यावर जेवण आणि फेरफटका योग्य क्रमाने आले.

शेवटी मोजणी केली. जुन्या ठिकाणी ३८,६४० आणि नव्या ठिकाणी ३८,३९७. या २४३ चित्रांनी दोन रात्री माझी झोप घालवली. दोन्हींकडच्या याद्या समोरासमोर ठेवल्यावर उलगडा झाला की ती वेगळी छायाचित्रे नव्हतीच. एकाच चित्राची कृष्णधवल किंवा निराळी कातरलेली आवृत्ती जुने सॉफ्टवेअर आभासी प्रत म्हणून मोजत असे. तिला फाइल नव्हती, केवळ डेटाबेसमधली कृती होती. अशी कृती प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली असते. एकाने केलेले संस्कार दुसऱ्याला कळत नाहीत. म्हणून आभासी प्रती आणि संस्कार केलेली इतर चित्रे जुन्या संगणकावर पुन्हा उघडली, त्यांपैकी जपावीशी वाटली ती पूर्ण आकाराच्या जेपेग स्वरूपात काढून मूळ चित्राशेजारी ठेवली, आणि उरलेल्या संस्कारांवर पाणी सोडले. खरे सांगायचे तर त्यांतले बरेचसे रंग इतके भडक होते की ते गेल्याचे वाईट वाटले नाही.

स्कॅन केलेल्या ५२ चित्रांवर अजूनही स्कॅन केल्याचीच तारीख आहे, आणि ती कोणत्याही साधनाला दुरुस्त करता येणार नाही. दर शनिवारी मी त्यांतली चार-पाच आत्याला फोनवर पाठवते, ती साडी आणि मागची भिंत पाहून वर्ष सांगते, आणि मी ते लिहून ठेवते. आतापर्यंत एकोणीस झाली आहेत.