आजचा मोडीचा अर्धा तास

नोकरी सांभाळून मोडी ही जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी शिकायची तर रोजचा अर्धा तास पुरतो, पण तो मोडू द्यायचा नाही. आजही सकाळी साडेसहाला वही उघडली. पहिली दहा मिनिटं फक्त लेखन. आधी पानभर शिरोरेषा ओढायच्या, मग त्यांना अक्षरं लटकवायची. हा क्रम उलटा केला की मोडीचं वळण हाताला बसतच नाही. एका दिवशी एकाच अक्षराची बाराखडी, कारण काना किंवा उकार लागला की कित्येक अक्षरांचं मूळ रूपच बदलतं. नुसती मुळाक्षरं पाठ करणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

पुढची पंधरा मिनिटं वाचन, आणि तेही जुन्या पत्राच्या चारच ओळी. मोडीत शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणून आधी "राजश्री", "विनंती उपरी", "जाणिजे" असे ठरावीक मायने शोधायचे. ते सापडले की बाकीची ओळ आपोआप फुटते. अडलेल्या अक्षरापाशी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. खूण करावी, पुढे जावं. तेच अक्षर खाली दुसऱ्या शब्दात नीट ओळखू येतं.

शेवटची पाच मिनिटं आपण केलेलं देवनागरी लिप्यंतर त्याच पत्राच्या छापील वाचनाशी ताडून पाहायची आणि चुका वेगळ्या पानावर उतरवायच्या. आज "खमस" वाचता आलं, म्हणजे अरबीत पाच. जुन्या कागदांवरच्या शुहूर सनाचा, म्हणजे तेव्हाच्या एका कालगणनेचा, आकडा असा अरबी शब्दांत लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो.

रविवारी मात्र तीन तास बसून आठवड्याची भरपाई करू नये. डोळे थकतात आणि वळण बिघडतं.